पाचवा उमेदवार

टेबलावर पाच फ्लास्क होते. चार धुऊन उपडे ठेवलेले, पाचव्यात पन्नास मिलीलिटर पाणी. पाण्याला रंग देणाऱ्या इंडिकेटरची एक बाटली. एक ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबानं द्रव मोजून सोडायची काचेची नळी, स्टँडला उभी लावलेली, शून्याच्या खुणेपर्यंत भरलेली. एक स्टूल, त्यावर अंशुमन. आणि ब्युरेटच्या तोटीत, कॉकच्या म्हणजे चावीच्या खाली, हवेचा एक लांबट बुडबुडा.

अंशुमनला तो दिसला नव्हता. चैत्रालीला दिसला होता.

पाचही वेळा ब्युरेट तिनंच भरली होती. चार वेळा तिनं थोडा द्रव सोडून तोटीतली हवा काढून टाकली. पाचव्या वेळी कुणीतरी हाक मारली आणि ते राहून गेलं. मुद्दाम नव्हे. पण बुडबुडा मध्येच सुटला, तर त्याची जागा भरणारा द्रवही आकड्यात धरला जातो आणि उत्तर चुकतं. फ्लास्कमधलं पाणी निळं होईपर्यंत ब्युरेटमधला किती द्रव लागला, हे या परीक्षेत मोजायचं होतं; ०.२० मिलीलिटरपेक्षा जास्त चूक म्हणजे नापास.

"सुरू करू?" अंशुमननं विचारलं.

"कर," ती म्हणाली.

ज्या जागेसाठी ही परीक्षा होती, ती तिचीच होती. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या, पाणी तपासणाऱ्या या लहानशा लॅबमध्ये ती दीड वर्ष हेच काम करत होती. तिचा व्हिसा सप्टेंबरात संपत होता. पुढचा मिळायचा, तर जाहिरात देऊनही इथला कुणी लायक माणूस मिळाला नाही, असं लॅबला दाखवावं लागणार होतं. एक जण जरी पास झाला, तरी जागा त्याची आणि चैत्रालीचं परतीचं तिकीट. जाहिरात दोन आठवडे लागली. दोन हजार नऊचा उन्हाळा होता, मंदीमुळे कुणाकडेच भरती नव्हती. एका जागेसाठी त्रेसष्ट अर्ज आले. पाच जणांना बोलावलं. चार नापास झाले.

"अगं, नुसता सोपस्कार आहे," लॅब चालवणाऱ्या नीनाताई सकाळीच म्हणाल्या होत्या. "परीक्षा तू घे, आकडे तू लिही, मी खाली सही ठोकते. वीस वर्षं या देशाला कागदच खायला घालतेय मी."

अंशुमननं कॉक फिरवला. थेंब पडू लागले. घाबरला की बोलणाऱ्यांपैकी तो होता.

"तू मराठी ना? माझा आजी सातारचा. इथे लंडनला, हॅरोमध्ये, आम्ही घरी मराठीच बोलतो. वाईट बोलतो, पण बोलतो."

"थेंबांकडे लक्ष दे."

"देतो. डिग्री मिळून दोन वर्ष झाला. सुपरमार्केटमध्ये बीन्सचे डबे रचतो. एकदम स्ट्रेट लाइनमध्ये. मॅनेजर म्हणतो, तू केमिस्ट आहेस ते दिसतं." तो स्वतःच हसला. "आई म्हणते, इंडियातून नवीन लोक येतात आणि आपले जॉब घेतात. मी म्हटलं, आई, तू कुठून आलीस? तर म्हणते, मी आले तेव्हा वेगळं होतं."

चैत्राली हसली नाही. ती तोटीकडे बघत होती. प्रत्येक थेंबाबरोबर बुडबुडा किंचित ताणला जाई आणि पुन्हा वर सरके. दहा मिलीलिटर. बारा. चौदा. ती नकळत पुढे वाकली होती. श्वास धरून ती कशाची वाट बघतेय, हे तिला एकदम कळलं.

सूट, ती मनात म्हणत होती. सूट आता.

सोळाच्या आसपास अंशुमनचं बोलणं थांबलं. त्यानं कॉक जवळजवळ मिटला. आता थेंब इतके सावकाश पडू लागले की दोन थेंबांमध्ये बाहेरच्या रस्त्यावरची बस येऊन थांबून गेली. बावीस. तेवीस. त्याचा हात अजिबात कापत नव्हता. शेवटचा अर्धा थेंब त्यानं फ्लास्कच्या काचेला टेकवून घेतला आणि पाण्यानं आत धुतला. लालसर रंग जांभळा झाला, मग स्वच्छ निळा.

बुडबुडा जागच्या जागी होता. जो बुडबुडा सुटत नाही, तो आकड्याला काहीच करत नाही.

अंशुमननं आकडा लिहिला, त्याखाली आणखी दोन ओळी लिहिल्या आणि कागद तिच्याकडे दिला.

"तोटीत बबल होता. मला लेट दिसला. मग एकदम स्लो केलं, तो हलायला नको म्हणून. खाली लिहिलंय. ज्याला हा जॉब मिळेल त्याला सांग, नाहीतर त्याचं रीडिंग चुकेल." त्यानं कोट घातला. मग दारातून वळून विचारलं, "तुला आधी दिसला होता?"

"नाही," चैत्राली म्हणाली.

"इट्स ओके. एवढासा तर होता. कुणालाच दिसला नसता," तो तिची समजूत काढत म्हणाला, आणि गेला.

नीनाताईंनी दारातून डोकं आत घातलं. "गेला ना हाही? चल, आकडा टाक लवकर. सही करून मी पळते, पाचची गाडी आहे."

"दोन मिनिटं, ताई."

खरा आकडा बंद पाकिटात होता. चैत्रालीनं पाकीट फोडलं. फॉर्मवर पाचव्या ओळीत एक चौकट रिकामी होती. तिनं पेनाचं टोपण काढलं, दोन्ही आकडे एकाखाली एक ठेवून दोनदा वजाबाकी केली आणि लिहिलं:

खरा आकडा २४.४०. उमेदवाराचा आकडा २४.३५. फरक ०.०५ मिलीलिटर.