पहिलं ‘माझं!’

पडद्यापलीकडच्या माणसाला शब्दांनी पटवायचं कसं, हे मारिकार फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या कॉलेजात ऑनलाइन शिकत होती. सरांनी निबंध तीनदा परत पाठवला: “अगं, बोलतेस कुणाशी?” शेवटी तिने आईवरच लिहिलं. आई रोज फोनसमोर लाइव्ह येऊन सुके मासे विकायची. जे गिऱ्हाईक आधी ‘माझं!’ लिहील, त्याला माल. “एवढं शिकून माझी बडबड लिहिलीस?” आईने कपाळावर हात मारला, पण वर्ग सुरू होताच मागे येऊन बसली. मारिकारने वाचलं: आई फोनमधून माशाचा वास कसा पोचवते, रुसलेल्या गिऱ्हाइकाला नावानिशी हाक मारून कसं हसवते. वाचून संपलं. पडद्यावरचे चाळीस चेहरे गप्प. “कुणीच घेत नाही?” आई कुजबुजली, “भाव उतरव की!” तेवढ्यात सरांची अक्षरं उमटली: ‘माझं!’ मागोमाग साऱ्या वर्गाने तेच लिहिलं. आईने पुढे वाकून बजावलं, “उशीर केलात! सरांनी नेलं!”