माळढोकाचं नाणं

देशाच्या इतिहासावर, वन्यजीवांवर निघालेलं प्रत्येक नाणं नवी पेठेतल्या बापूसाहेबांच्या अल्बममध्ये होतं. मोहोळकडच्या माळावर त्यांनी प्लॉट पाडून कुंपण घातलं, तेव्हा मेंढरांना पाण्यावर न्यायची वाट मागायला मायाक्का त्यांच्या ऑफिसात आली. वाटेचा विषय टाळून बापूसाहेबांनी तिच्यापुढं पक्षी कोरलेलं चांदीचं नवं नाणं धरलं.

“लांबूनच बघ. हात लावलास तर डाग पडतील.”

“ह्यो तर माळढोक की! माज्या मेंढरांमागं फिरायचा. तुमचं कुंपण पडल्यापासनं एक बी दिसत न्हाय, सायेब.”

“एकही नाही?”

“न्हाय की.”

बापूसाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी लगेच पेन काढलं आणि अल्बममध्ये त्या नाण्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘अतिदुर्मिळ’.