उबेची जागा

नवा फ्रिज आला तसे सासरे फुगून बसले. "जुना चांगला चालत होता!"

"वीज नुसती ढोसायचा, बाबा. डोक्याला हात लावावा तर सदा ताप," सून हसली.

त्याच तापलेल्या डोक्यावर मनी मांजर झोपायची. नव्यावर चढली, तर थंडगार! घरभर हिंडली आणि आजवर ज्यांना हिंग लावून विचारलं नव्हतं, त्या सासऱ्यांच्या मांडीवर वेटोळं करून घोरू लागली.

महिन्याने सून बिल नाचवत आली. "केवढं उतरलं, बघा! तेवढा वीजकेंद्रातला कोळसाही वाचला. आता तुमच्या खोलीतला तो जुना हीटर काढू? की अजून हात लावू देणार नाही?"

मनीला धक्का न लावता सासरे कुजबुजले, "आजच काढ. काल ती त्याच्याकडेच बघत होती."