ओळखीतली मुलगी

"इथेच उतर," डॉ. मोहन जोशी म्हणाले. कॉलेजचं फाटक अजून दोन गल्ल्या पुढे होतं.

मालविकाने का म्हणून विचारलं नाही. बॅग उचलली, "बाय बाबा" म्हणाली आणि चालू लागली. ग्लासगोच्या त्या कॉलेजात आज नर्सिंगच्या प्रवेशाच्या मुलाखती होत्या. जागा मूठभर, अर्ज ढीगभर. बाकी सगळीकडून नकार आले होते, बोलावणं फक्त इथून आलं होतं. हे गेलं तर वर्ष गेलं.

डॉक्टरांची चिंता वेगळी होती. कुणी बघितलं तर? शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ते कन्सल्टंट. मराठी मंडळात सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं की जोश्यांची मुलगी डॉक्टर होणार. मेडिसिनच्या अर्जाला वजन यावं म्हणून त्यांनीच तिला समरमध्ये हॉस्पिटलात व्हॉलंटियर म्हणून चिकटवलं होतं, त्यांच्या वॉर्डच्या वरच्या मजल्यावर. पाण्याचे जग भरायचे, म्हाताऱ्यांशी गप्पा मारायच्या. सुट्टी संपता संपता पोरगी म्हणाली, "मला नर्स व्हायचंय." करायला गेले गणपती आणि झाला मारुती! का, म्हणून त्यांनी कितीदा विचारलं. ती दर वेळी "असंच" म्हणाली. परवा मंडळात शिल्पाने, त्यांच्या बायकोने, "तिचं मेडिसिनचं चाललंय" असं ठोकून दिलं, तेव्हा डॉक्टरांनी मान डोलावली होती.

गाडी वळवतात तोच फोन वाजला. "बाबा, माझा पासपोर्ट गाडीत राहिला. आयडी नसेल तर दे वोन्ट लेट मी इन."

पासपोर्ट शेजारच्या सीटवर पडला होता. आता जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टर मान खाली घालून कॉलेजात शिरले. मालविका रिसेप्शनपाशी उभी होती आणि तिच्या शेजारी, उमेदवारांची यादी हातात घेऊन, त्यांच्याच वॉर्डची सिस्टर. मुलाखतींना हॉस्पिटलच्या नर्सेसही बसतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाई कित्येक वर्षं त्यांच्या वॉर्डात होती, पण नाव काही आठवेना. छातीवरच्या बिल्ल्यावर वाचलं. फिओना.

"डॉक्टर जोशी," ती म्हणाली. मालविकाशी बोलताना तिच्या ओठांवर असलेलं हसू मावळलं. तिने हातातली यादी पाहिली, मग मालविकाकडे पाहिलं. "ही पण जोशी. तुमची मुलगी?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"छे, छे!" डॉक्टर इंग्रजीत हसत म्हणाले. "ओळखीतली मुलगी आहे. आमच्या पुण्यात दगड भिरकावला तरी जोश्यालाच लागतो."

फिओनाचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिने मालविकाच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नकोस हं," ती म्हणाली. थाप पचली म्हणून डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला.

मालविकाने पासपोर्ट घेतला. त्यांच्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "थँक यू, काका."

डॉक्टर गाडीत येऊन बसले, पण किल्ली फिरवायला हात होईना. काका! त्यांच्या मित्रांना ती अशीच हाक मारायची, त्यांना कधीच नाही. तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. इतके दिवस त्यांना मुलीची लाज वाटत होती. आता स्वतःची वाटू लागली, आणि ती फार जास्त होती. चार लोक काय म्हणतील म्हणून पोटच्या पोरीला परकं केलं, तेही तिच्या तोंडावर, तिच्या परीक्षेच्या दारात. त्यांनी गाडी काढली आणि कॉलेजच्या पायऱ्यांसमोर नेऊन उभी केली. बघू देत कुणाला बघायचं ते.

मालविका बाहेर आली. समोरच गाडी पाहून थबकली, मग येऊन बसली.

"मालू, चुकलं माझं," डॉक्टर म्हणाले. "फार चुकलं. मी आत्ता आत जातो आणि त्यांना सांगतो, तू माझी मुलगी आहेस."

"नको!" तिने त्यांचा हात धरला. "प्लीज बाबा, नका सांगू."

"अगं, पण का?"

"व्हाय नर्सिंग, असं विचारलं मला. मग मी खरं सांगितलं. समरमध्ये मी एका आजींच्या बेडपाशी होते. कर्टन ओढलेला होता. बाहेर एक डॉक्टर आले, पेशंट बघायला. एका नर्सला सगळ्यांसमोर खूप बोलले. स्टुपिड म्हणाले तिला. ती कर्टनच्या आत आली, डोळे पुसले आणि आजींना हसून म्हणाली, चला, तुमचे केस विंचरू या. मी पॅनेलला म्हटलं, मला तिच्यासारखं व्हायचंय."

डॉक्टरांना तो प्रसंग आठवेना. तसे प्रसंग फार होते.

"मग? काय म्हणाले ते?"

"काहीच नाही. सिस्टर फिओनाने फक्त विचारलं, त्या डॉक्टरांना तू ओळखतेस का." मालविका खिडकीबाहेर बघू लागली. "मी नाही म्हटलं, बाबा."