तोंड न पाहिलेली लाळ

"चाव," डॉक्टर हेल्विग हळूच म्हणाला. "तू फक्त चाव. बाकीचं मी बघतो."

लोथरच्या हातात राय नावाच्या धान्याच्या पावाचा तुकडा होता आणि समोरच्या चढत्या बाकांवर विद्यापीठातली झाडून सगळी पोरं बसली होती. ईस्टरपासून तो कोणासमोर जेवला नव्हता. तलवारीच्या द्वंद्वात गालावर वण मिळवायचा, ही जर्मनीतल्या नेकर नदीकाठच्या विद्यार्थ्यांची केवढी मिजास! लोथरनेही मिळवला, तोही कोणाची टोपी कोणी पाडली एवढ्याशा भांडणातून. पण वार बसला तो नेमका लाळेच्या नळीवर. बिअरच्या गुत्त्यामागच्या खोलीत, अर्धवट नशेतल्या न्हाव्याने टाके घातले. कातडी जुळली, नळी राहिली तशीच. तेव्हापासून घास चावायला लागला की लाळ तोंडात न उतरता गालातल्या भोकातून थेट बाहेर टपकायची. पोरांनी त्याचं नाव 'गळका' ठेवलं. आता तो वैद्यकी सोडून बापाच्या पिठाच्या गिरणीवर परत जायला निघाला होता. हेल्विगने फक्त पाय धरायचे बाकी ठेवले, म्हणून आज आला.

हेल्विगचा वाद होता म्हाताऱ्या प्रोफेसर ओस्टरटागांशी. ओस्टरटाग म्हणत, लाळ म्हणजे पाणी. घास ओला करायचा आणि नरड्याखाली ढकलायचा, संपलं तिचं काम. हेल्विग म्हणे, लाळ पिठाची साखर करते.

"साखर!" म्हातारा खवळायचा. "अरे, तोंडात कालचा पाव आणि परवाची बिअर आंबत पडलेली असते, तिची ती करामत. तोंड न पाहिलेली लाळ आण, मग माझ्याशी बोल!"

तशी लाळ अख्ख्या गावात एकाच गालातून गळत होती.

लोथरने घास चावला. वणापाशी थेंब जमला, फुगला, ओघळला. हेल्विगने खाली काचेची नळी धरली.

"छत्री आणा रे कोणीतरी!" मागून आवाज आला, आणि सभागृहात हशा पिकला.

लोथरचा जबडा थांबला. कान लालबुंद झाले. तो अर्धा उठलाच होता.

"खामोश!" ओरडले ते पहिल्या बाकावर बसलेले ओस्टरटाग. "आता जो हसेल त्याच्या गालावर मी स्वतः वार करीन, आणि टाकेही मीच घालीन. बस, पोरा. चाव."

लोथर बसला. खाली मान घालून चावत राहिला.

कॉलरला लावतात तशी बटाट्याची घट्ट खळ हेल्विगने दोन नळ्यांत भरली. एकीत साधं पाणी घातलं, दुसरीत ती लाळ. दोन्ही नळ्या कोमट पाण्याच्या भांड्यात उभ्या केल्या. मग वाट बघणं आलं. म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि नळ्यांवरची नजर काढली नाही.

थोड्या वेळाने हेल्विगने पहिली नळी तिरपी केली. खळ जागची हलली नाही. दुसरी तिरपी केली, तर खळ पाण्यासारखी वाहिली! दोन्हींतलं थोडं थोडं दोन बशांत घेऊन त्याने वर आयोडीन टाकलं; पीठ असेल तिथे ते निळं होतं. पहिली खळ गर्द निळी झाली. दुसरीवर निळ्याचा मागमूस नाही.

"रंगाचं मला सांगू नकोस," ओस्टरटाग म्हणाले. "चव?"

नळीत उरलेलं होतं, पण चाखणार कोण? दुसऱ्याच्या गालातून गळलेलं ते. हेल्विगने हात पुढे केला, तोच म्हाताऱ्याने नळी ओढून घेतली, बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

ओस्टरटागांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते पाणावले होते.

"गोड आहे," ते म्हणाले. "अरे देवा, गोड आहे रे! भट्टी नाही, कढई नाही, आणि या पोराच्या गालात साखर होतेय. आणि मी जन्मभर ही तंबाखूबरोबर थुंकत आलो!"

त्यांनी टेबलावरचा पाव मोडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि बाकीचा बाकांकडे दिला. पाव हातोहात वर चढत गेला. कोणी गिळेना. दांडगी दांडगी पोरं घास तोंडात घोळवत छताकडे बघत बसली होती. आपल्याही तोंडात हे रोज चाललंय, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला होता.

म्हातारा लोथरजवळ आला.

"घरी चाललास म्हणे? खरंच जाणार आहेस?"

लोथरच्या हनुवटीवरून थेंब गळत होते. तो सगळ्यांसमोर सावकाश चावत होता.

"थांबा जरा," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "आत्ता कुठे गोड लागायला लागलंय."