हाताला येईल असं काही

बारकीने डोक्याचा रुमाल सोडला आणि आईच्या पायाखालची शिलाई मशीन जागच्या जागी थांबली.

"हे काय करून आलीस?"

केस नव्हतेच. म्हणजे होते, पेराएवढे, आणि मानेवर तर तेवढेही नाहीत. कमरेखाली जाणारी वेणी, जिच्यावर आईने पोरीच्या लहानपणापासून हात झिजवले, ती कुठल्याशा दुकानात झाडूखाली गेली होती.

समोर स्टुलावर बेकरीवाली बसली होती, झगा सैल करून घ्यायला आलेली. अशा वेळी उठून जावं एवढी अक्कल तिला कधीच नव्हती.

"छान दिसतंय गं," ती म्हणाली. "शाळेतला पोरगाच जणू. नवऱ्याने बघितलं का?"

"काल बघितलं."

"मग? काय म्हणाला?"

"काही म्हणाला नाही," बारकी म्हणाली. ती दारात उभी होती, पाठ भिंतीला लावून.

आईने झगा बेकरीवालीच्या मांडीवर टाकला. "झाला तुझा. पुन्हा तटतटला तर माझ्या शिलाईला बोल लावू नकोस, आपल्या पोटाला लाव."

"काय जीभ आहे बाई," म्हणत, हसत बेकरीवाली जिना उतरली. ते हसू खालच्या रस्त्याला लागलं. संध्याकाळच्या आत गल्लीला कळणार होतं. मग आईने दार लावलं.

"डोकं फिरलंय तुझं?"

"आई, ओरडू नकोस."

"मग काय करू, पेढ्यासारखी गोड होऊ? तुला सांगितलं होतं ना, तेल लाव म्हणून. चांगलं थापून. हातात ठरत नाहीत मग, निसटतात."

तिचा स्वतःचा अंबाडा अजून तसाच होता, मुठीएवढा, तेलाने चिंब. धरणारा हात मातीत जाऊन किती वर्षं झाली, तरी सकाळी डोळे उघडले की आधी तेलाची बाटली.

"तेलाने काही होत नाही," बारकी म्हणाली. "तो मनगटाला गुंडाळून घेतो."

आईने पट्टी उचलली, टेप उचलला, दोन्ही होते तिथेच परत ठेवले.

"बरं झालं मग कापलेस ते," ती शेवटी म्हणाली. "आता काय धरणार आहे?"

बारकीने भिंतीपासून पाठ सोडवली आणि वळून उभी राहिली. अंगात आईनेच शिवलेला कॉलरचा ड्रेस होता. कॉलर मागून उसवून अर्धी लोंबत होती. आईची दुहेरी टीप. ती काही सहजासहजी उसवायची नाही. तिने शिवलेल्या कपड्याचं कापड विरतं, पण टीप हलत नाही, हे ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची.

"मी इथं राहू का?" बारकी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "इथं मशीनजवळ झोपेन. दादा-वहिनीच्या मध्ये येणार नाही."

राहा. एवढाच शब्द होता, आणि तो आईच्या जिभेच्या टोकापर्यंत आलाही. पण त्याच्या मागोमाग सुनेचं ताट वाढतानाचं तोंड आलं, बेकरीच्या दारातलं हसू आलं. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या पोरींवर या गल्लीत सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं होतं ते आईनेच. आणि जावई कसा शोधून काढला, सासूला वाकून बोलणारा, हेही घरोघर हिनेच सांगितलं होतं. आईने शब्द गिळला.

"बस," ती म्हणाली. "ते नीट करून देते."

बारकी स्टुलावर बसली. आईने सुईत दोरा ओवला. लोंबणारी बाजू जागेवर धरून पाहिली, जरा ओढून पाहिली. मग सुई उशीत खोचली, कात्री घेतली आणि चांगली होती ती बाजूही कापून काढली. सगळी कॉलर खाली पडली. गळ्याचा काठ आत दुमडून तिने टाके घातले, बारीक, चपटे, नख लावलं तरी लागू नयेत असे. झाल्यावर तिने पोरीच्या डोक्यावरून मागून वर हात फिरवला. बोटांत काही आलं नाही. हात खाली मानेवर आला, तिथल्या काळ्यानिळ्या डागापाशी थांबला आणि उचलला गेला.

खाली हॉर्न वाजला.

"आई, तब्येत काय म्हणते?" जावयाचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, गोड. "वर येत नाही, गाडी मध्येच लावलीय."

आई खिडकीत गेली. "बरी आहे हो. पाठवते तिला."

बारकी उठली. रुमाल डोक्याला बांधायला घेतला, गाठ मारता मारता थांबली, त्या रुमालाकडे बघितलं आणि घडी करून मशीनवर ठेवला. दार उघडलं.

"थांब," आई म्हणाली.

बारकी गर्रकन वळली. इतक्या आशेने वळली की आईला तिच्याकडे बघवेना.

"कानातल्या रिंगा काढून दे."

खाली पुन्हा हॉर्न वाजला. बारकीने एक रिंग काढली, मग दुसरी, आणि आईच्या तळहातावर ठेवल्या. अजून कोमट होत्या.

जिन्यावर पावलं उतरत गेली. आईने रिंगांवर मूठ मिटली. दुसरा हात आपोआप तिच्या अंबाड्याकडे गेला, आणि तेलावरून घसरून खाली आला.