मालकीणबाईंचं मत

कारकुनाने यादीवरून तिसऱ्यांदा बोट फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली. मालकीणबाईंचं नाव यादीत नव्हतं.

मागे उभा असलेला त्यांचा भाडेकरू शिंपी पुढे वाकून यादीत डोकावला. वरच्या सभागृहाची निवडणूक म्हणजे त्या काळी घरमालकांचीच मक्तेदारी. ज्याच्या नावावर घर, त्यालाच मत. भाडेकरूंनी रस्त्यावर उभं राहून नुसती गंमत बघायची. हा नियम मोडायला डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. प्रत्येकाला मत, एवढंच त्यांचं मागणं. गेल्या खेपेला त्या अवघ्या तीन मतांनी पडल्या. म्हणून शिंपी महिनाभर मालकीणबाईंच्या मागे लागला होता, की तुमचं एक मत त्यांना द्या. पण बाई कसल्या दाद देतात! मतपेटीत काय टाकलं ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही, तू कोण लागून गेलास, असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं होतं.

आता तेही मत गेलं.

शिंप्याला आणखी एक धास्ती होती. दोन महिन्यांपूर्वी बाईंनी घरातल्या चारही भाडेकरूंच्या कसल्याशा कागदांवर सह्या घेतल्या, आणि तेव्हापासून भाडं घ्यायचं बंद केलं. मालक भाडं घेईनासा झाला की समजावं, बोचकी बांधायची वेळ आली. कागद एकानेही वाचला नव्हता. बाईंसमोर चष्मा लावून वाचत बसायची हिंमत कोणाची? आज सकाळी त्यांनी चौघांनाही सोबत चला म्हणून फर्मावलं, तेव्हा शिंपी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, नर्सबाई आणि बेकरीवाला निमूट त्यांच्यामागे निघाले.

कारकून बिचारा भला होता. इतकी वर्षं तुम्ही येताय, काहीतरी घोटाळा झालेला दिसतो, तक्रार लिहून द्या, असं तो समजुतीने सांगू लागला.

“घोटाळा कसला? घर नाही म्हणून नाव नाही,” बाई म्हणाल्या. “माझं राहू दे. या चौघांची नावं बघ.”

शिंप्याने चाचरत आपलं नाव सांगितलं. बोट यादीवरून खाली सरकलं आणि थांबलं. दुसरा मजला, दोन खोल्या, मालक. मग बाकीच्या तिघांचीही नावं सापडली, एकाखाली एक. बाई स्वतः राहत होत्या ती खोलीसुद्धा नर्सबाईंच्या नावावर होती.

आपण सही केली ते बक्षीसपत्र होतं, हे शिंप्याच्या डोक्यात आत्ता शिरलं. त्याचे डोळे भरून आले. इतके दिवस या बाईला मनातल्या मनात काय काय बोललो, याची त्याला लाज वाटली.

“बाई, पण तुमचं मत?” त्याने कसंबसं विचारलं.

“आत जा,” बाई म्हणाल्या, “आणि असं मत दे, की पुढच्या खेपेला मलाही देता येईल.”